पांढऱ्या रश्शातला दुधी

मटण मी आयुष्यात खाल्लेलं नाही, खाणार नाही, आणि ते शिजताना येणारा वास चांगला की वाईट याबद्दलही मी कधी मत बनवलेलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण गेल्या वर्षभरात आमच्या पेठेत माझ्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं निम्मं या एका वाक्याने खोटं ठरतं. उरलेलं निम्मं खरं आहे, पण त्याला राज्य लोकजीवन ग्रंथमंडळ जबाबदार आहे.

हे मंडळ सरकारी आहे. राज्याचा इतिहास, संस्कृती आणि लोकजीवन यांवर जाडजूड ग्रंथ काढणं हे त्याचं काम. कागद उत्तम, बांधणी भक्कम आणि किंमत इतकी कमी, की घेणाऱ्यालाच आत काही नसेल अशी शंका यावी. त्यांच्या ‘आहार आणि आदरातिथ्य’ या खंडासाठी मला फोन आला तेव्हा मी मनापासून आनंदले. मी रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. माझा प्रबंध गुळावर आहे. गूळ काळा का पडतो यावर मी जेवढं लिहिलंय तेवढं कुणी वाचलेलं नाही. आता निदान सरकार तरी वाचेल, असं वाटलं.

“मॅडम, आपल्याकडे ‘तांबडा-पांढरा रस्सा’ ही नोंद दिली आहे. सहाशे शब्द,” सहसंपादक म्हणाले.

“गूळ म्हणायचंय का तुम्हाला?”

“गूळ वारसा-खंडात गेला. तो विदर्भातले एक संस्कृतचे प्राध्यापक लिहितायत.”

(ती नोंद मी पुढे वाचली. प्राध्यापकांनी वेदांपासून सुरुवात केली होती. शब्दमर्यादा संपली तेव्हा ऊस अजून लावायचा होता.)

“अहो, पण मी जैन आहे. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही.”

“आमच्या पात्रतेत तसा रकाना नाही, मॅडम. लेखक त्या जिल्ह्यातला हवा, डॉक्टरेट हवी, आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘आहार’ किंवा ‘अन्न’ हा शब्द हवा. तुमच्या जिल्ह्यातून तुम्ही एकट्याच निघालात.”

माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘अन्नपदार्थ’ हा शब्द माझ्या मार्गदर्शकांनी घालायला लावला होता. त्यांना मी आजवर फार मानत आले.

“मी नाही म्हटलं तर?”

“तर जिल्हा वगळावा लागेल. आहाराच्या खंडात कोल्हापूरच नाही, असं होईल.”

हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं. मी हो म्हटलं. संध्याकाळी भूपालना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. ते खत-बियाण्यांचं दुकान बंद करून नुकतेच आले होते. वजन पन्नास किलो, तेही चपला घालून. ते शांतपणे म्हणाले, “तू रश्शावर लिहितीस, तर मी कुस्तीवर लिहितो.”

आमच्या कुंपणाला लागून मेहमुदाभाभी शिकलगार राहतात. त्या विम्याच्या एजंट आहेत. माणूस मेल्यावर काय मिळेल हे त्या जिवंत माणसाला इतक्या उत्साहाने सांगतात, की तो घाबरून सही करतो. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत, आणि तीस वर्षं आम्ही एकमेकींशी त्या खिडक्यांतूनच बोलत आलोय. मी खिडकीतून विचारलं, “भाभी, रस्सा करताना मी येऊन बघितलं तर चालेल का?”

भाभींच्या हातातली पळी थांबली. “अगं मॅडम, बरी हायस न्हवं? भूपालभाऊंना काय कमी-जास्त झालं काय?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पळी खाली ठेवली आणि खिडकीत अर्ध्या बाहेर आल्या.

“सरकारी पुस्तकात येणार? छापून?”

“छापून.”

“मग ऐक. पांढऱ्यात तीळ वाटून घालायचं ही आमच्या अम्मीची पद्धत हाय. आन् माझी नणंद गडमुडशिंगीला बसून तीस वर्षं सगळ्या भावकीत सांगत्या, तीळ घालायचं मेहमुदाला मी शिकवलं! लग्न असू दे, मयत असू दे, हिचं तीळ चालूच. त्या पुस्तकात अम्मीचं नाव घाल. कुलसुमबी. सरकारनं छापल्यावर ती काय बोलत्या बघू. घालशील?”

“घालीन.”

“शब्द दे.”

मी दिला. मी सहसा शब्द देत नाही, शक्यता सांगते. पण त्या खिडकीत शक्यता सांगून भागण्यासारखं नव्हतं.

रविवारी मी भाभींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिले. पातेल्याला हात न लावता तापमान घ्यायचं म्हणून कोरोनाच्या दिवसांतलं ते कपाळावर रोखायचं यंत्र नेलं होतं. ते मी मटणाच्या पाण्यावर रोखलं. यंत्र माणसांसाठी बनवलेलं, त्यामुळे त्याने लाल दिवा लावून जोरात बोंब ठोकली. बाहेर पेपर वाचत बसलेले भाभींचे यजमान बादशहाभाई म्हणाले, “काय गं, मटणाला ताप आलाय काय?”

मग घरी जाऊन काचेचं थर्मामीटर आणलं. ते भाभींच्या हातून आत गेलं आणि आजतागायत त्यांच्याकडेच आहे.

“भाभी, मूठभर म्हणजे किती ग्रॅम?”

“मूठ म्हणजे मूठ! तू शिकायला आलीस का पंचनाम्याला?”

मी प्रत्येक मूठ ताजव्यात धरायला लावली. भाभी वैतागल्या, पण अम्मीचं नाव असल्यामुळे धरत गेल्या. हळद-मीठ घालून मटण शिजवलं, की जे तिखट नसलेलं पाणी निघतं त्याला अळणी म्हणतात. दोन्ही रश्शांचा पाया तोच. त्यात नारळाचं दूध आणि वाटलेले तीळ घातले की पांढरा, आणि कांदा-लसूण मसाला घातला की तांबडा. नारळाचं दूध घातल्यावर उकळी आली तर ते फुटतं, म्हणून आच कमी करायची. हे सगळं मी आकड्यांसह लिहिलं. अत्यंत समाधानकारक काम झालं, असं मला वाटलं. त्या कामातलं समाधानाचं प्रकरण इथे संपलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालमीचे अध्यक्ष हंबीरराव दारात आले. “मॅडम, एकाच घरचा रस्सा बघून लिवलासा असं कळलं. हे सरकारी काम हाय. एका सँपलवर निकाल लागतो व्हय?”

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी स्वतः नोकरीभर शिकवलं होतं. हंबीररावांचा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि एवढंच तो शिकला असावा.

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणाले. हे वाक्य मी हंबीररावांना कधीच म्हणायला नको होतं.

संध्याकाळपर्यंत डबे यायला लागले. मांसाहार घरात येणं शक्य नव्हतं, म्हणून ते कुंपणाच्या भिंतीवर ठेवावे लागले. प्रत्येक डब्याबरोबर एक माणूस आणि प्रत्येक माणसाबरोबर एक मत. कोपऱ्यावरच्या धोंडुबाई म्हणाल्या, “तीळ घालतंय व्हय कोण? खसखस लिव, खसखस.” पोस्टातून निवृत्त झालेले आण्णा म्हणाले, पांढरा रस्सा मुळात दरबारातला, सबब नोंदीची सुरुवात दरबारापासून करावी. हंबीरराव म्हणाले, मुळात तालमीतला, सबब तालमीचा पत्ता व स्थापनेचं साल टाकावं. भिंतीखाली पेठेतली सगळी मांजरं जमली. त्यांचा नमुन्यांच्या संख्येबद्दल काहीच आक्षेप नव्हता.

आणि नेमक्या त्या वेळी कबनूरहून रिक्षा आली. रिक्षातून आमच्या अक्का, भूपालांच्या थोरल्या बहीण, उतरल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मांजरांकडे पाहिलं आणि मग भूपालांकडे पाहिलं.

“भूपाल, कुंपणावर काय मांडलंयस हे?”

“शासकीय नमुने, अक्का,” भूपाल म्हणाले.

अक्का व्हरांड्यातच बसल्या. पाणी प्यायल्या नाहीत. “शासनाला दुसरं काय गावलं न्हाई? शेंगदाण्याच्या आमटीवर लिव म्हणावं की. तेबी कोल्हापुरातच करत्यात.” मग माझ्याकडे वळून, “इतकी शिकलीस, आन् शेवटी हे?”

नमुने बादशहाभाईंनी नेले आणि सगळे खाऊन तोंडी अहवाल दिला की एकही धड नाही, भाभीचाच बरा. त्यांना त्याच घरात राहायचं असल्यामुळे मी हा अहवाल जमेस धरला नाही. नोंदीत मात्र घरोघरचे फरक एका वाक्यात नमूद केले, कुलसुमबींचं नाव स्वतंत्र परिच्छेदात घातलं, तळाशी ‘माहितीदात्री: मेहमुदा शिकलगार’ असं लिहिलं, आणि बरोबर सहाशे शब्द करून पाठवले.

मंडळाकडून छपाईआधी तपासायला पहिलं मुद्रित आलं. त्यात ‘मटण’ हा शब्द कुठेच नव्हता. त्याच्या जागी ‘प्रथिनयुक्त घटक’ होता.

मी फोन केला. सहसंपादक म्हणाले, “खंड शाळांच्या ग्रंथालयांत जाणार आहे, मॅडम. भावनांचा प्रश्न असतो.”

“कुणाच्या भावना दुखावल्या?”

“अजून कुणाच्याच नाही. पण दुखावू शकतात.”

“जैनांच्या म्हणत असाल तर मी जैन आहे. मटण आहे म्हणून माझ्या दुखावल्या नव्हत्या. तुम्ही काढलंत, आता दुखावल्या.”

“याची नोंद घेतो,” ते म्हणाले. ती कुठे घेतली कोण जाणे.

दुसरं मुद्रित आलं. आता ‘प्रथिनयुक्त घटक’ही गेला होता आणि त्या जागी ‘दुधी भोपळ्याचे तुकडे’ असं होतं. हे वाचून मी चष्मा पुसला. तरी दुधीच. मी पुन्हा फोन केला. कळलेली हकिगत अशी: चित्रकाराला मजकूर मिळाला नव्हता, फक्त ‘पांढरा रस्सा’ एवढे दोनच शब्द मिळाले होते. त्याने वाडग्यात पांढरे तुकडे काढले. मुद्रितशोधन विभागाचा नियम असा, की चित्र आणि मजकूर यांत विसंगती नसावी. चित्र बदलायला पैसे लागतात आणि मजकूर बदलायला लागत नाहीत. तुकडे पांढरे आहेत, भाजी असावी, मुलांना कळेल अशी हवी; झाला दुधी. या सगळ्यात कुणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपापला नियम पाळला होता.

पण खरी आग मला खालच्या ओळीने लागली. ‘ही पद्धत कुलसुमबी यांची’ हा परिच्छेद त्यांनी जसाच्या तसा, दुधीच्या लगेच खाली ठेवला होता. म्हणजे वाचणाऱ्याला स्पष्ट कळत होतं की पांढऱ्या रश्शात दुधी घालायची ही पद्धत कुलसुमबी यांची.

मी रजिस्टर पोस्टाने तीन पानी हरकत पाठवली. उत्तर म्हणून मला कोल्हापुरात भरणाऱ्या विभागीय आढावा बैठकीचं निमंत्रण आलं. बैठकीत माझा मुद्दा ‘आयत्या वेळच्या विषयां’त टाकला होता, आणि आयती वेळ येईपर्यंत जेवणाची वेळ आली. मंडळाचे अध्यक्ष मुंबईहून आले होते. त्यांच्या ताटात तांबडा होता, पांढरा होता, आणि ते वाटी तिरकी करून तळातलं शोधत होते. मी माझं शाकाहारी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले.

“साहेब, तुमच्या वाटीत दुधी आहे का?”

त्यांनी खरोखरच वाटीत पाहिलं. मग हसले. “मॅडम, हे जेवण आहे. तो ग्रंथ आहे.”

मी शांत बाई आहे. वर्गातसुद्धा माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे. त्या दिवशी तो वाढप्यापर्यंत गेला. “साहेब, ग्रंथात जे लिहितो ते ताटात नसेल, तर ग्रंथ कशासाठी काढायचा?”

“पण तुम्हाला तर बरं वाटायला हवं. तुम्ही तर खात नाही ना?”

“मी खात नाही. पण जे मी खात नाही ते जगातच नाही, असं मी कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध केलेलं नाही.”

सगळे जेवायचे थांबले. सहसंपादकांनी हळूच विचारलं, “मग काय करू या, मॅडम?”

“ही नोंद मागे घ्या.”

“नोंद मागे घ्यायची तरतूद नाही. नाव मागे घेता येतं.”

“मग माझं नाव काढा,” मी म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले. घरी येईपर्यंत मला वाटत होतं की मी फार ताठ मानेने वागले. भूपालनाही तसंच वाटलं. माझं नाव काढलं म्हणजे ती नोंद बिननावाची राहील आणि बिननावाच्या मजकुरावर कोण विश्वास ठेवतं, असा माझा हिशेब होता. भाभींना मी एवढंच सांगितलं, की मंडळाशी भांडण झालंय, पण मी बघते.

ग्रंथ प्रकाशित झाला. लेखकाला एक प्रत भेट देण्याची मंडळाची पद्धत आहे. प्रत आली ती मेहमुदाभाभींच्या घरी.

लेखकाचं नाव कोरं ठेवलं तर त्यांचा संगणक पान पुढे जाऊ देत नाही. म्हणून वरचं नाव निघालं तसं खालचं वर सरकवलं. पान दोनशे बारा. ‘तांबडा-पांढरा रस्सा. लेखिका: मेहमुदा शिकलगार.’ आणि शेजारी रंगीत वाडग्यात दुधी.

मला हे कळायच्या आधी गडमुडशिंगीला कळलं. नणंदबाईंनी त्या पानाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं: ‘भाभी, तीळ माझं, दुधी तुमचा.’ त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांगच्या रांग.

भाभी पुस्तक घेऊन खिडकीत आल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दुधी अम्मी आजारी माणसाला पण घालत नव्हती,” एवढंच म्हणाल्या.

“भाभी, माझं ऐका, मी माझं नाव—”

“तुझं नाव तू काढून घेतलंस की. बरं केलंस. अम्मीचं कोण काढणार?”

आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ती खिडकी लागली.

मी मंडळाला पत्र लिहिलं, की ताबडतोब शुद्धिपत्र काढा. उत्तर शिस्तीत आलं: शुद्धिपत्राचा विचार दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी केला जातो, दुसरी आवृत्ती पहिली संपल्यावर निघते. पहिली किती शिल्लक आहे, असं मी फोनवर विचारलं. गोदामातले गृहस्थ प्रामाणिक होते. म्हणाले, “बाई, आमच्यात पहिली संपल्याचं मी तरी बघितलं न्हाई.”

रात्रभर मी चिडून जागी राहिले नाही, मला झोप लागते. पण सकाळी उठल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. सरकारी ग्रंथ इथे कोण वाचतो? कुणीच नाही. आणि चौकातला फ्लेक्स कोण वाचत नाही? मी जोतीरामच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले.

“या मॅडम. वाढदिवस का निवड?”

“शुद्धिपत्र.”

“ते कुठल्या पक्षाचं?”

मी लिहून नेलेला कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. “एवढं लिवलेलं कोण वाचणार? फोटो पायजे. फोटो असला की माणूस थांबतंय.”

फोटो बादशहाभाईंनी गुपचूप आणून दिला. कुलसुमबींचा, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. कपाळाला आठी, नजर सरळ. जोतीरामने तो कॉम्प्युटरवर मोठा केला.

“मागं वाघ टाकू काय? फुकट हाय.”

“नको.”

“मग फुलं तरी? नुसत्या आज्जी लई रागात दिसाल्यात.”

“राहू दे. तसंच हवंय.”

“बरं. शुभेच्छुक कोण कोण?”

“शुभेच्छुक नको. तिथे ‘साक्षीदार’ लिहा.”

महापालिकेची परवानगी मी रीतसर काढली आणि तिचा क्रमांक कोपऱ्यात छापला. त्यासाठी तीन खिडक्या फिरले. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी मला दोनदा विचारलं, की खरंच परवानगी हवी आहे का. हंबीररावांनी तालमीची पोरं आणि शिडी दिली. तालमीचं नाव खाली बारीक अक्षरात घाला म्हणाले, पण मी घातलं नाही.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला होता. दहा फूट बाय सहा. वर कुलसुमबी. खाली:

‘शुद्धिपत्र. शासकीय ग्रंथ “आहार आणि आदरातिथ्य”, पान २१२. “दुधी भोपळ्याचे तुकडे” याऐवजी सर्वत्र “मटण” असे वाचावे. पांढऱ्या रश्शात तीळ वाटून घालण्याची ही पद्धत दिवंगत कुलसुमबी यांची असून त्यांची कन्या मेहमुदा शिकलगार यांनी ती माझ्यासमोर करून दाखवली. मी उंबऱ्यावर उभी राहून मटण, तीळ व तापमान यांची प्रत्यक्ष नोंद केली आहे. साक्षीदार: डॉ. अरुणा भूपाल मगदूम, जैन, शाकाहारी.’

बस्तीला, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला निघालेली माणसं थांबत होती. डेअरीला दूध घालून परतणारे मोटरसायकल बंद न करता वाचत होते. आण्णा मोठ्याने वाचून दाखवत होते आणि ‘प्रत्यक्ष नोंद’पाशी बोट उचलत होते. माझा कुठलाही शोधनिबंध इतक्या लोकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला नाही. अक्कांना कबनूरला कुणीतरी फोटो पाठवला असणार, कारण भूपालांचा फोन सारखा वाजत होता आणि ते तो उचलत नव्हते.

मग मेहमुदाभाभी आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागल्या. मी पलीकडच्या पानपट्टीजवळ उभी होते. त्या आईच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. माझ्याकडे वळल्या नाहीत. पर्समधून मोबाइल काढला, नंबर लावला, आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या:

“व्हय, मीच बोलतोय. चौकात ये. ये म्हणतो न्हवं! येऊन वाच. दुधी न्हाई आन् तुझं तीळबी न्हाई. अम्मीचं हाय. खाली जैनाच्या बाईनं सही केल्या, जिनं आयुष्यात कधी तोंडाला लावलं न्हाई तिनं! आता तू कोण साक्षीदार आणतीस, आण बघू!”